सासूबाईंची मशेरी

मी कल्याणच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. मेंदूवर चालणाऱ्या वनस्पतींचा धडा आला की एरवी शेवटच्या बाकावर पेंगणारी पोरंसुद्धा माना वर करतात. अफू, गांजा, धोतरा ही नावं काढली की वर्गात खसखस पिकते, आणि अफूच्या धड्याला ती पिकावी हे तसं योग्यच आहे.

मला स्वतःला या झाडांचं अपार कौतुक आहे. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की गळणारा चीक माणसाचं मरणाचं दुखणं थांबवतो आणि श्वासही थांबवू शकतो. धोतरा तोंडाला कोरड पाडतो, डोळ्यांच्या बाहुल्या ताणतो, आणि पोटात गेला तर भल्या माणसाला भिंतीशी गप्पा मारायला लावतो. यातल्या एकाही झाडाने काही आपल्यासाठी केलेलं नाही. तंबाखूचं झाड निकोटिन मुळांत बनवतं आणि पानांत चढवतं ते पान खायला येणाऱ्या किड्याला मारायला. किडा मरतो, माणसाला तरतरी येते. किड्यासाठी केलेली किल्ली आपल्या मज्जातंतूंच्या कुलपाला बरोब्बर बसते, याचं मला इतकी वर्षं शिकवूनही नवल वाटतं.

माझं माहेर डोंबिवलीचं. तिथे व्यसन म्हणजे चहा, आणि नशा म्हणजे श्रीखंडात जायफळ जास्त पडल्यावर येणारी दुपारची झोप. लग्न होऊन मोहन्याजवळच्या गावात आले, आगरी घरात, आणि पहिल्याच सकाळी ठसक्याने जागी झाले. मला वाटलं, कुठे आग लागली. मागच्या दारी सासूबाई चुलीवर तवा ठेवून तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजत होत्या. ती चुरली की मशेरी. दातांना लावायची, हिरड्यांवरून बोट फिरवायचं, थुंकायचं. नाव दात घासण्याचं, काम निकोटिनचं. हिरडीच्या पातळ कातडीतून ते रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, डोकं जागेवर येतं आणि पोटालाही हालचाल होते. "मशेरी लावल्याबिगर पोट साफ होत नाय," असं गावातल्या बायका म्हणायच्या. ते अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं खरं होतं.

आमच्या भातशेतीवर आता इमारत उभी आहे. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, बाकी भाडेकरू. चूल गच्चीवर गेली, पण मशेरीची बैठक सुटली नाही. जेवणं आटोपली की गल्लीतल्या चारचौघी सासूबाईंकडे जमायच्या. सासूबाईंच्या हाताची भाजणी गावात नावाजलेली. पान जळलंही नाही आणि कच्चंही राहिलं नाही, असा नेमका क्षण त्या वासावरून ओळखायच्या. बैठकीची रीत अशी, की वडीलधारीने डबी उघडून आधी आपल्या तळहातावर घ्यायची आणि मग डबी फिरवायची. जी अगदी जवळची, ती डबीची वाट न बघता सरळ तिच्या तळहातावरून चिमूट उचलायची. सासूबाईंच्या तळहातावर हक्क होता फक्त त्यांच्या धाकट्या जावेचा, म्हणजे आमच्या काकींचा.

मागच्या वर्षी सासूबाईंना तिखट झोंबायला लागलं. सुक्या जवळ्याची चटणी नको म्हणाल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी खालचा ओठ उलटा करून दाखवला. आत, नेमका मशेरीच्या बोटाच्या जागी, पांढरट खरखरीत चट्टा होता.

"आजी, तंबाखू आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "मग हा आपोआप जाऊही शकतो. पुढच्या वेळी असाच दिसला, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कॅन्सर हाय का?"

"अजून नाही म्हणूनच सांगतेय."

 घरी येऊन पदर खोचला आणि म्हणाल्या, "सोरली मी. आता कोनी इषय काढू नका."

मी मनातल्या मनात हसले, कारण सुटणं काय असतं हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं रोज निकोटिन मिळालं की मेंदू त्यासाठी कुलपं वाढवून ठेवतो, आणि पुरवठा बंद झाला की ती सगळी एकदम बोंब मारतात. मी निकोटिनचा च्युइंगम आणून दिला. "चगलाया मी काय कॉलेजातली पोरगी हाय?" म्हणून त्यांनी तो मशेरीच्या डबीशेजारी ठेवून दिला.

पुढचे दिवस आमच्या घराने कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. त्यांचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, झोप मोडायची. डाळ आळणी, पंखा जोरात, भाडेकरूंची पोरं मवाली. माझ्या नवऱ्याला भर जेवणात म्हणाल्या, "तू लानपनापास्नं ढब्बू!" तो बिचारा जाणता गृहस्थ, ताट घेऊन टीव्हीसमोर गेला. मी वर्गात या लक्षणांची यादी धडाधड म्हणते. ती यादी समोर बसून करवादत लसूण सोलते, तेव्हा कळतं आपण काय शिकवतो.

पण मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एका सकाळी गच्चीवर गेले, तर सासूबाई तवा ठेवून तंबाखू भाजत होत्या. तो धूर, तो वास, आणि या स्वतः कोरड्या तोंडाने उभ्या.

"आई, हे काय? तुम्ही सोडलीत ना?"

"मी सोरली. त्यांनी नाय सोरली. येतील त्यांच्या हातावं काय ठेवू, तुजा च्युइंगम?"

"म्हणजे त्यांना चट्टा आला तरी चालेल?"

त्यांनी तव्यातली पानं उलटली. मग म्हणाल्या, "मी नाय बसली तं बैठक मोडंल. या वयात मी कोनाकडं जाऊ?"

 कुठल्याही पुस्तकात सुटण्याच्या लक्षणांमध्ये हे लिहिलेलं नाही.

तवा उतरला तसा त्यांनी दुसरा चढवला. त्यात भाताचा तूस होता, कुठल्याशा नातेवाइकाच्या गिरणीवरून मागवलेला. तो काळा होईपर्यंत भाजला, वाटला, वस्त्रगाळ केला. झाली राखुंडी. दिसायला हुबेहूब मशेरी. आता दुपारी बायका आल्या की सासूबाई कमरेची लहान डबी काढून राखुंडी आपल्या तळहातावर घ्यायच्या, आणि मोठी डबी फिरवायच्या. हिरडीवर बोट तसंच फिरायचं, गप्पा तशाच चालायच्या. काकींनी तळहाताकडे हात नेला की या नेमक्या तेव्हा पाणी प्यायला उठायच्या. ओठात चट्टा निघाल्याचं काकींच्या कानावर होतं, मशेरी सोडल्याचं मात्र सासूबाईंनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना मी फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, राखही हिरड्यांना बरी नव्हे, पण मशेरीपुढे ती देवमाणूस. सुट्टीच्या दिवशी मी घरात बसून ते सोंग बघायचे आणि मला त्यांचं इतकं कौतुक वाटायचं की सांगता सोय नाही. अंगातली प्रत्येक पेशी तंबाखू मागतेय, तंबाखूची डबी हातात आहे, आणि ही बाई ती हसत हसत दुसरीला देतेय!

पुढच्या तपासणीला चट्टा बराच फिका पडला होता. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. त्या दिवशी परतताना खोपटला एसटीची वाट बघत आम्ही दोघींनी उसाचा रस प्यायला. "ग्वार लागतो गो," त्या म्हणाल्या. जिभेला गोड पुन्हा गोड लागायला लागलं होतं.

मग गल्लीत हळद आली. आगरी हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडव, डीजे, मटणाचे टोप. बायकांचं कोंडाळं मांडवाच्या कडेला बसलं. सासूबाईंनी लहान डबीतून तळहातावर राखुंडी घेतली. तेवढ्यात काकी मागून आल्या, बसल्या, आणि कुणाला काही कळायच्या आत सासूबाईंच्या तळहातावरून भली मोठी चिमूट उचलून त्यांनी दातांना लावली. तिथे पाणी प्यायला उठायला जागाच नव्हती.

सासूबाईंचा चेहरा पडला. गल्लीतल्या जाणत्या मशेरीवाल्या सगळ्या समोर. आता ही थुंकणार आणि म्हणणार, ही काय माती दिलीस? काकींचं बोट जरा थांबलं. त्यांनी एकदा सासूबाईंकडे बघितलं. मग बोट पुन्हा फिरायला लागलं, सावकाश, सगळ्या हिरड्यांवरून.

"आज करक भाजलीस गो बाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "डोक्यात गेली."

बाकीच्या हसल्या. सासूबाईंनी डबी कनवटीला लावली. मीही हसले, आणि सगळं निभावलं म्हणून जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आमच्या दारात उभ्या. बैठकीची वेळ नव्हती. मला वाटलं, आता भांडण काढणार. सासूबाईही हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. काकी माझ्याजवळ आल्या, खिडकीच्या उजेडात तोंड केलं आणि आपला खालचा ओठ बोटांनी ओढून उलटा केला.

"बग गो," तशाच ओठाने त्या बोलल्या. "माजा पन हिच्यावानी हाय का?"

होता. सासूबाईंच्यापेक्षा मोठा, आणि मधे लालसर. मी मोबाइलचा उजेड धरला होता तो बंद केला. 

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी तो ओठ स्वतः बघितला, मग पदराने जावेचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

"नवी नवरी होती ही," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पयल्या पोराच्या वक्ताला उलट्या थांबंनात. मीच हिच्या दातांना मशेरी लावली. माज्या बोटानं." काकी काहीतरी म्हणायला गेल्या, तर त्यांनी हाताने गप्प केलं. "चप्पल घाल. ठान्याला जायाचा हाय. मीच लावली, मीच सोरवीन."