दोन रस्ते, दोन बायका

पगार वाढला की बायका आळशी होतात, असं आमच्या नगरपालिकेतला एक कारकून चहा पिता पिता म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. सासर इकडं सांगलीच्या अंगाला. इथं मी आणि माझी धाकटी जाऊ ठेकेदाराच्या हजेरीवर रस्ते झाडतो. बाजाराचा रस्ता माझा, त्याला लागून शाळेचा तिचा.

किमान वेतन मिळत नव्हतं तेव्हा मी काम उरकायचे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. लाज पगार बुडवणाऱ्यानं धरावी. पहाटे रस्ता मधूनमधून झाडायचा, गटाराकडची घाण तशीच सोडायची आणि धुण्याभांड्यांची घरं गाठायची. हंगाम असला की दुपारी द्राक्षबागेत. मुकादम मला अंगचोर म्हणायचा. चोरायला अंग उरलं होतं कुठं?

आम्ही मोर्चे काढले, ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठं कायद्यातला पगार बँकेत यायला लागला. मी लगेच भांडी सोडली. आता खराटा कडेकडेनंही फिरू लागला. भाजीवाली म्हणाली, "आगं, गटार दिसाय लागलं की!" मला लय बरं वाटलं. एकाच कामावर जीव लावता येतो, हे मला नव्यानंच कळत होतं.

मग नगरपालिकेचे मोठे साहेब आले. रस्ता बघून खूश झाले. म्हणाले, "मावशी, तुमचं काम इतकं छान होतंय, तर शाळेचा रस्ताही तुम्हीच घ्या. पगार वाढलेत, एवढ्या बायका आता परवडत नाहीत. उद्या दोन्ही रस्ते झाडून दाखवा, मग एक बाई कमी करू."

ती एक बाई म्हणजे माझी जाऊ. माझा दीर हमाली करताना पाठ मोडून घरी बसलेला. घर तिच्या खराट्यावर चाललेलं. संध्याकाळी तीच मला म्हणाली, "आवं आक्का, झाडा तुमी. न्हाईतर तुमचंबी काम जाईल." तिच्या या शहाणपणाचा मला राग आला. मी तिला गप जेवायला बसवलं.

सकाळी साहेब आणि मुकादम हजर. मी माझा रस्ता पापड वाळत घालावेत असा झाडला आणि शाळेच्या कोपऱ्यावर खराटा खाली ठेवला.

"पुढचा?" साहेबांनी विचारलं.

"फुडचा माझ्या जावंचा हाय, सायेब. एका बाईचा पगार देताय, एका बाईचं काम दावलं. माझ्या चांगल्या कामानं तिची चूल इझणार असंल, तर मला वंगाळबी झाडता येतंय."

"तुम्हाला काढून टाकू शकतो मी."

"काढा की. मग दोन्ही रस्ते कोन झाडतंय, ते आमी दोघी बघतो."

शाळेची घंटा झाली. पोरं केळीच्या साली तुडवत आत जायला लागली. साहेबांनी पायाशी आलेली एक साल बुटानं बाजूला सारली. शेवटी मुकादमाला म्हणाले, "बोलवा त्या दुसऱ्या बाईला. तिचा रस्ता तिलाच झाडू दे."

बोलवायची गरजच नव्हती. ती माझ्या मागं उभी होती, पदर खोचून.