टॉवेलखालचा कॉम्प्युटर

तळोद्यातल्या टायपिंगच्या दुकानातल्या आप्पांमुळे माझी नोकरी राहिली. त्यांचं खरं नाव मी अजून विचारलेलं नाही. ते बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत आणि एका बोटाने टाईप करतात, तरी त्यांच्याकडे रांग असते.

मी सांगलीकडचा, शिक्षण आठवी. इथल्या वसतिगृहात मदतनीस म्हणून लागलो. मुलींची यादी सरकारी ऑफिसात द्यायच्या शेवटच्या दिवशी तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर माझी फाईल उघडेना. ती नव्या पद्धतीची होती; जुनी व्हावी म्हणून मीच तिच्या नावाच्या शेवटी असलेल्या docx मधला x खोडला होता. आमचे गृहपाल म्हणाले, "चारपर्यंत यादी पोचली नाही, तर उद्यापासून येऊ नका."

आप्पांनी फाईल बघितली. "पाटी बदलीसन दुकान बदलस का, भाऊ?"

मग त्यांनी ती नव्या मशीनवर जुन्या पद्धतीत सेव्ह केली आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा टॉवेल उचलला. तो ऑफिसातल्यासारखाच जुना. घरचे भंगारात द्यायला सांगतात, पण त्याच्यावर उघडून बघितल्याशिवाय आप्पा ऑफिसची फाईल कुणाच्या हातात देत नाहीत. माझी उघडली, तरी ते एकेक नाव बोट ठेवून वाचत राहिले आणि मी घड्याळ बघत राहिलो.

"आते जाय. आठे उघडनी, तठे बी उघडी."

ऑफिसातही उघडली. यादी चारच्या आत पोचली.

आप्पांचा तो कॉम्प्युटर कधीतरी कायमचा बंद पडेल. तेव्हा तसलाच एक कुठूनही शोधून मी स्वतः उचलून त्यांच्या कोपऱ्यात आणून ठेवीन, आणि वर नवा टॉवेल घालीन.