बारा फुटांचा ओटा

आटगाव स्टेशनजवळ बंगल्यांची एक स्कीम उभी राहिली होती. नव्वदचं दशक सरत आलेलं. त्यातला एक बंगला भाड्याने घ्यायचाच, असा हट्ट मी धरला, कारण त्याच्या बाथरूममध्ये टब होता. कल्याणच्या चाळीत वाढलेली मी. आंघोळ म्हणजे बादली, तांब्या आणि बाहेरून ‘आटप लवकर!’ पुढे टबात पाणीच चढेना, ते सोडा. पण मुख्य कारण सासूबाई, त्यांना आमच्याकडे आणायचं होतं. सासरे गेल्यापासून त्या गावी, वैशाखऱ्याला, एकट्या राहायच्या. नीट जेवल्या असतील का, या विचाराने माझा घास अडायचा. पण आम्हा दोघींना भांडता यायचं, माया बोलून दाखवता यायची नाही.

त्या हलायला तयार नव्हत्या. शेवटी एकच विचारलं, “ओटा हाय का गो तिथं?”

बाईला स्वयंपाकघराची काळजी! मी खूश. “आहे ना आई! बारा फुटांचा, काळ्या ग्रॅनाइटचा.”

“चार बाया मावतील?”

“आरामात.”

“पाऊस लागतो का?”

हे जरा विचित्र वाटलं. म्हटलं, गावचं घर गळत असेल. “छे! थेंबसुद्धा नाही.”

“मंग येते.”

आल्या. जीपमधून उतरून घराला डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. “ओटा कुठंय?”

मी मोठ्या तोऱ्यात त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं. त्या शेगडी, सिंक, मिक्सर बघत राहिल्या आणि मी त्यांचं तोंड. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. वैशाखऱ्याच्या घरापुढचा तो सारवलेला ओटा! दिवसभर कुणी ना कुणी तिथे टेकलेलं असायचं. इथे दारापुढे होता गाडीसाठी पोर्च, आणि आमच्याकडे सायकलही नव्हती.

“सकाळच्या गाडीनं जाईन मी,” त्या म्हणाल्या आणि पिशवी न उघडताच झोपल्या. मला स्वतःचाच राग आला.

सकाळी उठून बघते तर मिक्सर जमिनीवर, आणि सासूबाई स्टुलावरून चढून ओट्यावर मांडी घालून मिश्री लावतायत. समोरच्या खिडकीतून मागची गल्ली दिसत होती. वॉचमनची बायको पाणी घेऊन चाललेली.

“कुठं चाललीस गो? ये, बस!”

ती आली, बसली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्यात भांडी घासणारी आली. मग भाजीवाली. मी डायनिंग टेबलावर कांदा चिरू लागले. “उद्याच्या गाडीनं जाईन,” हे मात्र सासूबाई रोज म्हणायच्या.

एका रविवारी न सांगता घरमालक आला. मुंबईचा माणूस, ग्रॅनाइट खास राजस्थानहून मागवल्याचं आम्हाला चारदा ऐकवलेलं. स्वयंपाकघराच्या दारात तो थबकला. ओट्यावर चार बाया ओळीने, पाय खाली सोडून, शेंगा सोलत बसलेल्या. आता बंगला सुटणार आणि सासूबाई गावी जाणार.

सासूबाई जरा सरकल्या. “या, बसा. तुमचाच ओटा. दगड थंड हाय.”

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी कांद्याकडे बघितलं. मग तो खरंच चढून बसला. कोरा चहा घेतला, चार शेंगाही सोलल्या. जाताना फक्त एवढंच म्हणाला, “मिक्सरचा पॉइंट दुसरीकडे काढून देतो.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “ऐकलंस ना? मंग माझी पेटी आणायला धाड त्याला. लुगडी समदी तिथंच हायत.”

त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि टबाच्या काठावर बसून पोटभर रडले. टब पहिल्यांदाच कामी आला.