पिशवीमावशींची जत्रा

पिशवीमावशी समोरून येताना दिसल्या की आमच्या कॉलनीतले लोक हातातली प्लॅस्टिकची पिशवी पाठीमागे धरायचे. उपयोग नसायचा. मावशी थांबायच्या, झोळीतून एक शिवलेली कापडी पिशवी काढायच्या, फटकन झटकून उघडायच्या आणि समोरच्याची भाजी स्वतःच्या हातानं तिच्यात ओतायच्या. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी कसेबसे म्हणाले, "मावशी, अहो, कोळंबी आहे त्यात."

"मग धुताना नीट धुवा," मावशी म्हणाल्या. "आणि पिशवी परत आणा."

मुलुंडला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्या राहायच्या. यजमान बँकेत, एकुलती एक मुलगी लग्न होऊन ठाण्याला. दुपारभर त्या शिलाई मशीनवर बसून जुन्या साड्यांच्या, चादरींच्या, यजमानांच्या शर्टांच्या पिशव्या शिवायच्या. आमच्या घरातल्या एका पिशवीला शर्टाचा खिसा तसाच होता आणि बाबा त्यात सुटे पैसे ठेवायचे.

"आधी जिना, मग गल्ली, मग बाजार," असं त्या म्हणायच्या. म्हणजे काही हवं असलं तर आधी आपल्या जिन्यावर कोण काय करतं ते बघायचं, मग गल्लीत विचारायचं, आणि तिथं नाहीच मिळालं तर बाजारात जायचं. त्यांची शिकेकाई दुसऱ्या मजल्यावरून यायची, केरसुणी फाटकाबाहेर बसणाऱ्या म्हाताऱ्याकडून. नव्या दुकानातून चकलीच्या भाजणीचं पाकीट आणलेलं त्यांना कळलं की त्या रागवायच्या नाहीत. दुखावल्यासारखा चेहरा करून विचारायच्या, "का गं, जोशीकाकू मेल्या का?" जोशीकाकू आमच्या समोरच राहायच्या आणि चकलीची भाजणी विकायच्या.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कॉलनीच्या मैदानात त्या जत्रा भरवायच्या. नियम एकच, पण कडक: स्वतःच्या हातानं केलेलंच विकायचं. घ्यायला येणाऱ्यानं डबा घरून आणायचा. कंदील, उटणं, गोधड्या, चिवडा, टोपल्या विणणाऱ्या दोन बहिणी. फाटकाजवळची पहिली जागा केरसुणीवाल्या म्हाताऱ्याची. एका वर्षी कुणीतरी ती जागा मागितली तेव्हा मावशी म्हणाल्या, "वर्षभर तो तिथंच बसतो. जत्रा त्याच्या दारात येते, तो जत्रेत येत नाही."

या सगळ्यात माझ्यासारखीला त्यांनी कसं ओढलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी. शाळेत मराठी बोलले की शिक्षा, आणि कॉलनीत माझं मराठी ऐकून मुली तोंड दाबून हसायच्या. मग मी दोन्हीकडे गप्प बसायला शिकले. एका जत्रेत मी आईच्या मसाल्याच्या टेबलामागे अंग चोरून उभी होते. मावशींनी मला बघितलं आणि पुठ्ठ्याचे तुकडे आणि स्केचपेन हातात दिलं. "बोलायचं नसेल तर नको बोलूस. लिही. आपल्याकडचे गुजराती, मद्रासी लोक येतात, त्यांना काय आहे ते कळायला नको?" त्या वर्षापासून सगळ्या टेबलांवरच्या इंग्रजी पाट्या माझ्या. चिवड्यावर काय लिहावं यासाठी मी रात्र रात्र विचार करायची. मावशींना इंग्रजी बेताचंच यायचं, पण प्रत्येक पाटी त्या हातात धरून माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं.

आईचा मालवणी मसालाही त्यांनीच बाहेर काढला. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही. बाबा दिवसभर पेपर वाचत बसायचे आणि आई कुणाशी बोलायची नाही. एका दुपारी मावशी आमच्याकडे जेवल्या, बोट चाटलं आणि म्हणाल्या, "कमल, हा मसाला घरात ठेवणं पाप आहे गं." पुढच्या महिन्यात त्यांनी गिऱ्हाइकं आणली. आई घरी मिरच्या वाळवायची, एकेक जिन्नस भाजायची आणि डंकावरून कुटून आणायची. तिची खुबी धण्यांत होती. अर्धे धणे ती नुसते गरम करायची आणि अर्धे पार काळपट होईपर्यंत भाजायची. ते तिला तिच्या आजीनं दाखवलं होतं. माझी शाळा त्या मसाल्यावर चालली. पण मला आठवतं ते वेगळंच. लोक तिला 'मसालेवाल्या कमलताई' म्हणायला लागले आणि ती जिन्यात थांबून गप्पा मारायला लागली.

मग एका वर्षी मावशींच्या मनात आलं की बायकांनी एकमेकींची कामं शिकून ठेवावीत. "उद्या कुणी आजारी पडली तर ऑर्डर अडायला नको," असं म्हणून त्या स्वतः घरोघरी गेल्या. ओट्याला टेकून उभ्या राहायच्या, बघायच्या, चिमटीत घेऊन वास घ्यायच्या. कागद-पेन नाही, सगळं डोक्यात. सगळ्याजणींनी त्यांना हसतमुखानं सगळं दाखवलं आणि प्रत्येकीनं एकेक गोष्ट पोटात ठेवली. त्यात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे सख्ख्या जावेलाही बायका असंच दाखवतात. जोशीकाकूंनी भाजणीतले मूठभर पोहे सांगितले नाहीत. चिवडेवालीनं काय गाळलं ते तिलाच माहीत.

"कमल, तू काय ठेवलंस?" जोशीकाकूंनी आईला विचारलं.

"काही नाही. धणेपण दाखवले."

"वेडी आहेस का गं?"

"मावशींपासून काय लपवायचं?" आई म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

पुढच्या जत्रेत फाटकाजवळ मांडव होता. केरसुणीवाला म्हातारा आत, पाण्याच्या पिंपाजवळ. मांडवात मावशींचे जावई उभे होते. त्यांनी ठाण्याला कारखाना टाकला होता. मसाले, चकलीची भाजणी, चिवडा, सगळं चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटांत. मावशी लोकांना सांगत होत्या, "घ्या, घ्या, घरचंच आहे." भाजणी आणि चिवडा लोकांनी दिवाळीला आणून बघितला आणि नावं ठेवली. मसाल्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

आईनं एक पाकीट विकत घेतलं. टेबलामागे बसून फोडलं, तळहातावर घेतलं, जिभेला लावलं. मग हात तसाच पुढे धरून बसून राहिली. मी पाकीट उचललं. मागच्या बाजूला इंग्रजीत माझं वाक्य होतं. आईच्या टेबलासाठी मी लिहिलेलं: एकेक भाजलेलं, सगळं मिळून कुटलेलं. मावशींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. त्यांना ते इतकं आवडलंय, याचा मला तेव्हा केवढा आनंद झाला होता.

संध्याकाळी मावशी स्वतःच आमच्याकडे आल्या. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चूक केली असं त्यांना वाटतच नव्हतं.

"कमल, तोंड का पाडलंस? तुझा मसाला आता दादर-गिरगावात जाईल. तू एकटी किती कुटणार होतीस?"

"माझा कसा? नाव कुठं आहे माझं?"

"नावाचं काय गं घेऊन बसलीस. चव तर तुझीच आहे ना?"

"मी तेच म्हणतेय, मावशी."

मावशी उठल्या. मग म्हणाल्या, "जावयानं कर्ज काढलंय. मुलीचं घर आहे शेवटी." आणि पाणी न पिता गेल्या.

आईची गिऱ्हाइकं हळूहळू पाकिटाकडे वळली. दुकानात मिळत असेल तर तीन जिने कोण चढणार? जोशीकाकू म्हणाल्या, "अगं, थोडा बदल कर, नवी चव काढ." आईनं करून बघितला. धणे एकाच रंगावर भाजले, त्रिफळं वाढवली. दर वेळी चाखायची आणि मान हलवायची. शेवटी तिनं विकायचं बंद केलं आणि एका शिशुवर्गात मुलं सांभाळायच्या कामाला जायला लागली. जिना ती पुन्हा कुणाशी न बोलता भरभर चढून जायची. पुढच्या वर्षी जत्रा भरली नाही. मावशी आणि त्यांचे यजमान जागा विकून मालाडला गेले. निरोप घ्यायला आल्या तेव्हा आई कामावर होती. मी दार उघडलं, "आई नाही," म्हटलं आणि दार लावून घेतलं. दाराला पाठ लावून मी उभी राहिले. त्या बराच वेळ बाहेर होत्या. मग चपलांचा आवाज खाली गेला.

काही वर्षांनी आम्ही मालाडला मामाकडे जेवायला गेलो होतो. मामी कोकमाचं आणि आंब्याचं लोणचं सुरेख घालते. वाढता वाढता म्हणाली, "आमच्या महिला मंडळात एक मावशी आल्यायत नव्या. बायकांसाठी काय काय करतात. जत्रा भरवणार आहेत. रविवारी माझं लोणचं बघायला येतायत." मग पिशव्यांचं सांगितलं.

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. आईनं भाताचा घास संपवला. "किती वाजता?" तिनं विचारलं.

"दुपारी. का गो?"

"मगे मी पण येतंय."

मी आईबरोबर गेले. तिनं मामीला काहीही सांगितलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात, दारासमोरच पाटावर बसली. मावशी आल्या. केस बरेच पिकले होते. चपला काढून, बोलत बोलत आत आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. आईनं त्यांच्याकडे बघितलं. "या ना मावशी," ती म्हणाली. "बघा. मीपण बघते."

मावशी आत आल्या नाहीत. बाहेरच्या खुर्चीवर बसल्या, चहा घेतला, मामीच्या मुलांची चौकशी केली. लोणच्याचा विषय मामीनं दोनदा काढला आणि त्यांनी दोनदा टाळला. उठताना माझ्याजवळ आल्या. "किती मोठी झालीस," म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तो हात मला झटकायचा होता. वर्षानुवर्षं मी मनात तो झटकत आले होते. पण गालावर हात असेपर्यंत मी हलले नाही. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत.