हक्कसोड

शिक्क्याच्या शाईचा वास आला की वाशीमची कचेरी आठवते. पंचाहत्तर साल असेल. नवरा जाऊन महिनाच झाला होता. थोरल्या दिरांनी कागद पुढं केला, "अंगठा लाव. शेत तुया नावावर चढते." मी माहेरी चौथी शिकले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ‘हक्कसोड’ हा शब्द वाचला. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "दादाजी, ह्याच्यात तं मी शेत सोडलं असं लिवलं हाये." कारकून दचकला, "हिले वाचता येते?" दिरांनी माझं मनगट आवळलं, मी मूठ उघडलीच नाही. परतताना बसमध्ये ते माझ्या मागच्याच बाकावर होते. गाव येईपर्यंत मी वळून पाहिलं नाही. पुढं तलाठ्याकडे एकटी जाऊन सातबाऱ्यावर नाव चढवलं. आजही कुणी कागद पुढं केला की मी चष्मा लावते आणि पहिल्या ओळीपासून वाचते.