आक्काचा नंबर सगळ्यांनाच माहीत होता

आक्का सकाळीच गेली. आम्हाला संध्याकाळी कळलं, कारण तिचा फोन बंद होता.

आज वर्ष झालं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहान गावात बावीस वर्षं अंगणवाडी सेविका. भावजी लवकर गेले, लेक लग्न होऊन पुण्याला. घरात ती एकटीच.

गावाचं नाव लिहीत नाही. तिचा फोटोही टाकत नाही.

दोन वर्षांपूर्वी गावात एक लग्न ठरलं. मुलगी पंधरा वर्षांची. आक्काच्याच अंगणवाडीत वाढलेली.

आक्का तिच्या आईबापाला तीनदा भेटली. ऐकेनात. मग तिनं वर कळवलं. हळदीच्या दिवशी अधिकारी आले आणि लग्न थांबलं.

दोनच दिवसांनी नवरदेवाच्या चुलतभावानं पोस्ट टाकली.

आक्काचा फोटो. पूर्ण नाव. मोबाईल नंबर. घर कुठं, दाराचा रंग कोणता. दर मंगळवारी मीटिंगसाठी कोणत्या बसनं तेरला जाते.

खाली एकच ओळ, "हिनं पोरीचं लग्न मोडलं. जाब विचारा."

परंड्यापासून तुळजापूरपर्यंत फिरली ती पोस्ट.

फोन सुरू झाले. अनोळखी माणसं. काय बोलायची ते इथं लिहिता येत नाही.

मंगळवारी स्टँडवर दोन जण तिच्यासमोर उभे राहून व्हिडिओ काढत होते. बस येईपर्यंत ती तोंडावर पदर धरून बसली.

मी काय म्हणालो माहितीये? "आक्का, इग्नोर कर. चार दिवसांत थंड होईल."

नाही झालं.

मग तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेब भले होते, चहा पाजला.

"धमकीचे नंबर द्या सर, बघतो आम्ही. पण ह्या पोस्टचं काय करू? नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेला. घर सगळ्या गावाला ठाऊक. ह्यानं गुपित काय फोडलं, सांगा बरं?"

मी पोस्ट रिपोर्ट केली. उत्तर आलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

माझा कॉलेजचा मित्र वकील आहे. तो म्हणाला, "सगळं पब्लिकच आहे यार. ह्याला डॉक्सिंग, म्हणजे कुणाची खाजगी माहिती उघड करणं, कसं म्हणणार?"

 

आक्काला सांगितलं, तर म्हणाली, "नंबर भितीवर म्याच लिहिलाय. पर त्यो लेकराला ताप आला तर लावायला. शिव्या द्यायला न्हाय."

दाराचा रंग शेजाऱ्यांना माहीत होता. बस कंडक्टरला माहीत होती. त्या माणसानं सगळं गोळा करून, चिडलेल्या लोकांच्या हातात दिलं. ह्याला कायद्यात काय म्हणतात ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी नवीन सिम नेऊन दिलं. तिनं तसंच परत केलं.

"आरं, बायांना कोणता नंबर देऊ? त्यो बी भितीवरच लिहावा लागंल की."

मग तिनं स्वतःच एक मार्ग काढला. अंगणवाडीच्या वेळात फोन चालू, घरी आली की बंद. लेकीला, मला ती सकाळी स्वतःच फोन करायची.

त्या रविवारी सकाळी तिचा फोन आला नाही. दुपारी मी दोनदा लावला. बंद. वाटलं, नेहमीसारखाच बंद असंल.

मी जेवलो. झोपलोसुद्धा.

संध्याकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला गेल्या, तेव्हा आक्का स्वयंपाकघरात पडलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. बराच वेळ झालाय.

त्या फोनांमुळं ती गेली, असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही. फोन चालू असता तर तिनं कुणाला लावला असता का, तेही मला कधी कळणार नाही.

मातीला नवरदेवाचा तो चुलतभाऊ आला होता. हात जोडून उभा होता. घरी जाऊन त्यानं आक्काला श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. जुनी पोस्ट काढली नाही. ती आजही आहे.

 

ती मुलगी आता अकरावीला आहे. तिचं नाव, कॉलेज कुणी कमेंटमध्ये विचारू नका. ठाऊक असेल त्यांनी लिहू नका. हात जोडतो.

आक्का, तुझ्यासाठी मला काहीच करता आलं नाही गं.

तुला माझा नमस्कार.