मनगटावरचे छत्तीस तास

सकाळचे सव्वानऊ. मीरा रोडच्या हाटकेश भागातला एक पत्र्याचा गाळा. लांब टेबलापाशी सहा बायका दोन्ही हात पुढे करून बसलेल्या. माझे शेजारी करंदीकर ड्रॉपरने प्रत्येकीच्या मनगटांवर सेंटचा एकेक थेंब सोडताहेत आणि थेंबाशेजारी बॉलपेनने वेळ लिहिताहेत. मी दारात उभा.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. करंदीकर साबणाच्या कंपनीतून रिटायर झाले, गिरगावातून मीरा रोडला आले आणि जयंतीभाईंच्या या सेंटच्या गाळ्यात केमिस्ट म्हणून लागले. मी एका साप्ताहिकाचा बातमीदार. तेव्हाच्या माझ्या बातम्या केव्हाच रद्दीत गेल्या, पण त्या गाळ्यातले किस्से साठतच राहिले. एक सांगायला घेतला की मागचा पुढच्याला ढकलत येतो.

*

गाळ्याचा नियम एकच. संध्याकाळी सहापर्यंत हात धुवायचे नाहीत! पाणी लागलं की टेस्ट फुकट. दर दोन तासांनी करंदीकर मनगटं हुंगणार आणि रजिस्टरमध्ये लिहिणार: 'आहे', 'कमी' किंवा 'गेला'.

जेवताना अडचण नको म्हणून जयंतीभाईंनी सहा स्टीलचे चमचे आणले. मोरवा गावची कमळ तिथे बाटल्या भरायची आणि रविवारी भाईंदरच्या केबिन रोडला टोपली घेऊन मासे विकायची. तिने चमचा उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, म्हावऱ्याचा काटा चमच्यानं कसा काढायचा, त्ये पन शिकवा ना!"

*

एका दुपारी कमळचा नवरा हरेश्वर घराची किल्ली द्यायला आला. बघतो तर एक म्हातारा डोळे मिटून आपल्या बायकोच्या मनगटावर वाकलेला.

"ह्ये काय चाललंय?"

"टेस्टिंग," करंदीकर डोळे न उघडता म्हणाले. "चार तास झाले. अजून आहे."

हरेश्वर स्टूल ओढून बसला आणि स्वतःचा हात पुढे केला. "मंग माझा बी बघा."

करंदीकरांनी थेंब सोडला. दहा मिनिटांनी हुंगलं, परत हुंगलं. हरेश्वर सकाळीच होडीचं इंजिन खोलून आला होता. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे एकच शब्द आहे: 'डिझेल'.

*

जयंतीभाईंचं दुकान केबिन रोडला. सेंट टिकवायचं कसं, यावर दुकानात दोन मतं होती आणि दोन्ही एकाच गिऱ्हाइकाला एकाच वेळी ऐकावी लागत.

"मनगट पे मनगट घासो, गर्मी से खिलता है," जयंतीभाई सांगायचे.

"अजिबात घासू नका! घासलं की उडतं. नुसतं टेकवा," करंदीकर बाजूने ओरडायचे.

एक लग्नाळू मुलगा या भांडणाला कंटाळला आणि त्याने लग्नाच्या दिवशी अख्खी बाटली शर्टावर ओतली. महिन्याने तो अल्बम घेऊन दुकानात हजर. प्रत्येक फोटोत कॉलरखाली पिवळा डाग!

"तुमचं सेंट हॉलच्या दारापर्यंत टिकलं. डाग पाठवणीपर्यंत आहे!"

जयंतीभाईंनी सगळा अल्बम शांतपणे चाळला. "लेकिन फोटो मस्त आया है," म्हणाले.

*

पाच जणींच्या मनगटांवरचं सेंट जेवणाच्या सुट्टीपर्यंत उडायचं. कमळच्या मनगटांवर मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहालाही 'आहे'. त्या रात्री घरची भांडी हरेश्वरने घासली होती, हे सांगायला हवं.

"तेहतीस तास!" करंदीकर म्हणाले.

"तेहतीस कोण बोलतं? छत्तीस लिहा!" असं म्हणून जयंतीभाईंनी लेबलं छापून घेतली.

आठवड्याभरात वास टिकत नसल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. करंदीकर चक्रावले. शेवटी त्यांनी कमळला विचारलं, "तू हाताला काही लावतेस का गं?"

"सकाली निघताना खोबरेल लावते. खाऱ्या पान्यानं कातडी फुटते ना. ल्हानपनापासून लावते."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुमी नुसतं हुंगलंत. इचारलं कुटं?"

करंदीकर धावत जयंतीभाईंकडे गेले. "शेठ, कोरड्या कातडीवरून वास उडतो, तेलाच्या हातावर धरून राहतो. लेबलवर लिहा, आधी तेल लावा."

"मग मी सेंट विकू की खोबरेल?"

*

लेबल बदललं नाही. माल बदलला. गाळ्यात एक निळा ड्रम आला.

"यात काय आहे?" करंदीकरांनी विचारलं.

"वास पकडून ठेवतं," जयंतीभाई म्हणाले. आणि खरंच ठेवलं! सहाही जणींच्या मनगटांवर दोन-दोन दिवस 'आहे'.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना खाज सुटली. पाच जणींची थांबली. कमळचं मनगट लाल झालं, मग सोललं आणि तिथे रुपयाएवढा पांढरा डाग उरला. मग दुसऱ्या हातावरही.

रविवारी केबिन रोडला तिच्या नेहमीच्या एका बाईने हातात घेतलेला पापलेट परत टोपलीत ठेवला. "अगं, हाताला काय झालंय तुझ्या?"

"सेंटनं झालंय, बाय. रोग न्हाय."

बाई पुढच्या टोपलीपाशी गेली. तिसऱ्या रविवारी कमळची टोपली भरलेलीच घरी आली.

डॉक्टर म्हणाले, "कशाने झालं त्याचं नाव आण. औषधही देतो आणि हा रोग नाही, असं कागदावर लिहूनही देतो." कमळला फक्त एक नाव हवं होतं.

*

ते नाव आणायला मी निघालो. जयंतीभाई म्हणाले, सप्लायरला विचारा. सप्लायर म्हणाला, "हम तो बंद ड्रम बेचते हैं." सरकारी ऑफिसातल्या साहेबांनी मला बसवलं.

"ड्रमवर लेबल नाही म्हणता? मग मी नोंद कशाची करू?"

"कातडीची करा!" मी ओरडलो. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

माझी बातमी छापून आली, चार इंच. तिच्या खाली, तिच्या दुप्पट, याच सेंटची जाहिरात: 'छत्तीस तास!' संपादकांशी मी त्यावरून महिनाभर बोललो नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

*

सकाळचे अकरा. तोच गाळा. कमळ म्हणाली, "मला ड्रम बघायचाय." करंदीकर आणि मी तिच्याबरोबर गेलो, जयंतीभाई मागून आले.

लेबलाची जागा ब्लेडने खरवडलेली होती. पत्र्यावर ओरखडे चकाकत होते. कमळने ड्रमभोवती हात फिरवला, खाली वाकली आणि पदराने धूळ पुसली. तळाशी लेबलाचा एक कोपरा उरला होता. त्यावर अक्षर नव्हतं, छोटंसं चित्र होतं.

"साहेब, मला वाचता येत न्हाय. पन ह्यो हातमोजा हाय ना?"

करंदीकरांनी चष्मा लावला, मनगट हुंगायला वाकायचे तसे वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"आहे," म्हणाले.

लेबल कोणी खरवडलं? सप्लायर म्हणतो, माझ्याकडून निघालं तेव्हा होतं. जयंतीभाई म्हणतात, माझ्याकडे आलं तेव्हा नव्हतं. मी त्या दिवशी अख्खा गाळा फिरून पाहिला. चमचे सहा होते. हातमोजा एकही नव्हता.